उभ्याने घेतलेले माप

दिनांक सहा फेब्रुवारी, सन दोन हजार चोवीस, वार मंगळवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. ठिकाण तळोदा, बाजारपेठेच्या मागच्या अंगाला असलेल्या एका धर्मादाय संस्थेच्या रुग्णालयाचा पहिला मजला, प्रसूतिकक्षाला लागून असलेली रिकामी खोली. या वेळी आणि या ठिकाणी परिचारिकांच्या नव्या गणवेशाची निवड करण्यासाठी पाच माणसांची बैठक भरली होती, आणि तिच्या अध्यक्षा, मेट्रन कामिनी गोपाल पटेल, वय वर्षे पन्नास, या त्या घटकेला खोलीच्या कोपऱ्यात हिरव्या पडद्याआड, धड बसलेल्या नाहीत आणि धड उभ्याही नाहीत अशा अवस्थेत अडकून पडल्या होत्या.

घडले होते ते एवढेच. नमुना क्रमांक तीन, म्हणजे कमरेला घट्ट घेतलेला आकाशी कुडता आणि पायाला चिकटून बसणारी पँट, असा जोड अंगावर चढवून त्या आरशात पाहत होत्या. उभ्या माणसावर तो खरोखरच शोभत होता, हे त्यांच्यासारख्या सहजासहजी काही कबूल न करणाऱ्या बाईनेही मनाशी कबूल केले होते. कापडाने पन्नाशीचे पोट आत घेतले होते, खांद्यांना सरळ रेषा दिली होती. तेवढ्यात छातीवरच्या उथळ खिशातले पेन निसटले आणि बाकाखाली गेले. ते उचलायला त्या खाली बसू लागल्या. कमरेतून वाकायची त्यांना सवय नव्हती. तापीकाठच्या घरात चुलीपुढे, गोठ्यात, केळीच्या बागेत उकिडवे बसण्यात जन्म गेलेल्या बायांची ती लेक आणि सून होती. पण निम्म्या वाटेवर मांडीवरचे कापड ताणले, गुडघ्यामागे गोळा झाले, शिवण कुरकुरली आणि शरीर होते तिथेच थांबले. आणि त्या अधांतरी थांबलेल्या शरीरातून, त्यांच्या इच्छेला न विचारता, एक वाक्य बाहेर पडले. पडद्यापलीकडे कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हलक्या आवाजात कामिनीबाई म्हणाल्या, "चढ ना वर. टेबलावर चढ."

पलीकडे बोलणे चालूच होते. "मॅडम, झालं का? बाहेर या ना, बघू द्या आम्हाला," हा रुचिकाचा आवाज. रुचिका म्हसावदची, नोकरीला दोन वर्षे झालेली, हाताला हलकी, आणि तीन नंबरच निवडला जावा म्हणून सकाळपासून वॉर्डावॉर्डांत प्रचार करून आलेली. "तीन नंबर घातला की एकदम एअरहोस्टेस वाटतं."

"इमानात कोनी बाळंत होत नाही ना, म्हनून तिथं शोभतं," तुळशीबाई म्हणाली. तुळशीबाई प्रसूतिकक्षातली आया. धडगावकडच्या पाड्यावरच्या पावरा घरातली, आणि याच मजल्यावर बावीस वर्षे झालेली. समितीत एक आया असलीच पाहिजे, ही अट कामिनीबाईंनी हट्टाने घातली होती.

"मावशी, तुम्हाला कोण देणार आहे तीन नंबर? तुम्ही साडीतच बऱ्या."

"मी साडीतच बरी. तू कशात बी बरी. तुझं लगीन व्हायचंय."

हशा झाला. चुनीलाल टेलर, ज्याने चारही नमुने शिवले होते, तो त्या हशातच म्हणाला, "मन्हा हातना कपडा शे. वाईट कसा दिसी?" आणि व्यवस्थापक भूपेंद्र, चाळिशी न गाठलेला, विश्वस्तांच्या नात्यातला आणि म्हणून कामिनीबाईंना हक्काने बेन म्हणणारा, खुर्चीवरूनच म्हणाला, "कामिनीबेन, फोटोत रंग कसा येतो, तेवढं बघा. संस्थेची माहितीपुस्तिका निघतेय."

"येते," कामिनीबाई म्हणाल्या. पण आल्या नाहीत. बाकाच्या कडेला हात टेकून त्या सरळ झाल्या, बाकावर बसल्या आणि तशाच बसून राहिल्या.

गणवेश या विषयावर त्यांची मते ठाम होती आणि प्रत्येक मतामागे पुरावा होता. दोन महिने त्यांनी या चार नमुन्यांचा पिच्छा पुरवला होता. नमुना एक, निळ्या काठाची पांढरी साडी: निऱ्या धावताना पायात येतात, हे त्यांनी जिन्यावर धावून सिद्ध केले होते. नमुना दोन, सलवार-कमीज आणि ओढणी: ओढणीचे टोक सलाईनच्या स्टँडच्या चाकात सापडते, हे त्यांनी स्टँड ढकलून दाखवले होते. प्रत्येक कापड दहा वेळा धुऊन, ते मे महिन्याच्या उन्हाळ्यात अंगाला चिकटेल की सुटे राहील याचा अंदाज घेऊन, आयोडिनचा डाग किती धुण्यांत जातो ते मोजून, खिशात कात्री, चिकटपट्टी, हातमोजे आणि मोबाइल एकदम राहतात की नाही ते पाहून, त्यांनी नऊ पानांचे टिपण तयार केले होते. भूपेंद्रने ते हातावर तोलून "बेन, हे तर कोर्टात दाखल करण्यासारखं आहे" असा शेरा मारला होता, आणि त्यांना तो शेरा आवडला होता. त्या नऊ पानांत बाह्यांच्या लांबीवर दीड पान होते. आणि एकाही नमुन्यात खाली बसून पाहावे, अशी एक ओळदेखील त्यात नव्हती.

विसर पडला, असे म्हणून भागले असते. पण ज्या बाईने चार वर्षांपूर्वी स्वतः भांडून प्रसूतिकक्षात टेबलाशेजारी जमिनीवर गादी घालून घेतली, कारण डोंगरातून उतरलेल्या बायका कळा वाढल्या की टेबलावरून आपसूक खाली सरकतात आणि उकिडव्या बसून मोकळ्या होऊ पाहतात; ज्या बाईला ठाऊक होते की त्या गादीपाशी परिचारिकेलाही तसेच खाली बसावे लागते; तिला नेमके हेच सुचू नये, याला विसर म्हणत नाहीत. माणूस घरातली एखादी खोली बंद ठेवतो आणि पुढे घर झाडताना त्या दाराला वळसा घालणे त्याच्या पायांच्याच अंगवळणी पडते. दार आहे हे त्याला माहीत असते, फक्त तो तिकडे झाडू नेत नाही. कामिनीबाईंची ती खोली धडगावच्या वर होती.

त्या काळी संस्थेचा गणवेश फ्रॉकचा होता. पांढरे टेरिकॉट, कमरेला पट्टा, आणि कांजी इतकी कडक की दोरीवरून उतरवलेला फ्रॉक क्षणभर आपला आपण उभा राही. घरात सुनेचा पदर कपाळाखाली असण्याची रीत. तिथे गुडघ्याशी संपणारा तो कपडा आला तेव्हा सासूबाई, गजराबाई, दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलाच्या, म्हणजे गोपालरावांच्या, आग्रहापुढे नमून त्यांनी फ्रॉक मागवून घेतला, सुनेला भिंतीशी उभे केले, गुडघ्याच्या वाटीखाली आपली चार बोटे आडवी धरली आणि दुमड उलगडून तिथवर खाली आणायला लावली. "गुडघा दिसी ग्या ते नोकरी बंद. आयकी ऱ्हायनी ना, कामिनी?" चोवीस वर्षांची कामिनी ऐकत होती. चार बोटांचा तो स्पर्श, सासूच्या हाताची ती हळदीच्या वासाची कोरडी ऊब, पुढे कितीतरी दिवस तिच्या नडगीवर राहिली होती. चालताना, पायरी चढताना, मोटारीत बसताना ती चार बोटे आधी जागी होत आणि मग पाय हले. फ्रॉकचे मापही उभ्यानेच घेतलेले होते.

संस्थेच्या दवाखान्याचे दोन खोल्यांचे एक ठाणे तेव्हा घाट चढून गेल्यावर होते, आणि तिथे तिची पहिली नेमणूक झाली होती. एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा मार्च, होळीच्या आधीचा आठवडा. भोंगऱ्याचा बाजार भरलेला, डोंगरातून ढोल ऐकू येत होते. डॉक्टर जीपने तळोद्याला उतरले होते. दुपारी चार-पाच पुरुष एका बाईला झोळीत घालून घेऊन आले. त्यांतले दोघे थेट बाजारातून आलेले, कमरेचे घुंगरूही न सोडलेले. बाईचे नाव जमना, नवऱ्याचे करमसिंग. दाराची एक फळी निखळलेली होती आणि पडदा कामिनीने स्वतःच सकाळी धुवायला काढला होता, कारण तो मळलेला होता आणि मळलेले तिला खपत नसे. पुरुष दारात उभे राहिले. जमना आत आली, टेबलाकडे तिने पाहिलेही नाही. खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरला आणि ती खाली बसली. तिची सासू मागून गुडघे टेकवून तिच्या पाठीला आधार देऊ लागली. मग म्हातारीने मान वळवून कामिनीकडे पाहिले आणि जमना बसली होती तिच्यासमोरची जमीन हाताने थापटली. एकदा, मग पुन्हा. त्या बोलीतला एक शब्दही कामिनीला येत नव्हता, आणि त्या थापटण्याला कोणत्याही बोलीची गरज नव्हती.

कामिनी बसू लागली. कांजीचे कापड मांडीवर चढले, चार बोटांची सीमा ओलांडून वर गेले, आणि ती निम्म्यात थांबली. दारातले पुरुष आपल्याकडे पाहत आहेत, असे तिला वाटले. पुढच्या सव्वीस वर्षांत त्या दाराकडे ती मनाने शेकडो वेळा परत गेली होती, पण ते पुरुष खरोखर पाहत होते की बाहेरच्या ढोलाकडे तोंड करून उभे होते, हे तिला एकदाही निश्चित दिसले नव्हते. ती सरळ झाली, पट्टा नीट केला आणि म्हणाली, चढ वर. जमनाने मान हलवली. टेबलावर चढ ना. म्हातारीने पुन्हा जमीन थापटली. तिसऱ्यांदा कामिनीने जमनाचा दंड धरून तिला उठवले. जमना उठली. गज सोडून, सासूच्या खांद्यावर भार टाकून, ती तीन पावले चालली, टेबलाच्या लोखंडी पायरीवर तिने उजवा पाय ठेवला, आणि मूल त्याच क्षणी आले. ते पायरीच्या कडेला लागून खाली पडले. मुलगी होती. संध्याकाळपर्यंत तिचा श्वास चालला, मग थांबला. ती माणसे ओरडली नाहीत, भांडली नाहीत. जमनाला झोळीत घालून आणि मुलीला करमसिंगच्या मुंडाशाच्या कापडात गुंडाळून आल्या वाटेने गेली. दवाखान्यात गेलेल्या माणसाला काय होईल याचा जाब तिथे मागायचा नसतो, अशी त्यांची समजूत होती; आणि ती समजूत त्यांना कोणी दिली, याचा विचार कामिनीबाईंनी पुढे फार केला होता.

नोंदवहीत कारणाच्या रकान्यात तिने लिहिले: आणण्यास विलंब. अक्षर सुरेख होते. तळोद्याहून परतलेल्या डॉक्टरांनी ते वाचून मान डोलावली. तीन महिन्यांनी अशा नोंदींवरून एक घोषणा तयार झाली आणि ठाण्याच्या भिंतीवर रंगवली गेली: गरोदर मातेला वेळेवर आणा, विलंब टाळा. त्या निळ्या अक्षरांखालून कामिनी पाच वर्षे ये-जा करत होती. जमनाला कळा सुरू झाल्यावर तासाभरात आणले होते.

बाकावर बसलेल्या कामिनीबाईंच्या मनात आता, इतक्या वर्षांत प्रथमच, त्या दुपारची एक सुसंगत मांडणी उभी राहू लागली, आणि वाद घालण्यात हयात गेलेल्या त्यांच्या बुद्धीला ती आवडू लागली. आजवर त्या स्वतःला दोषी धरत आल्या होत्या; पण दोष ठरवण्याआधी कारण पाहावे लागते. बसायला निघाली होती की नाही कामिनी? निघाली होती. थांबवले कोणी? कापडाने. आताच, याच खोलीत, कोणी परका पुरुष समोर नसताना, सासूबाई जाऊन बारा वर्षे झालेली असताना, तेच शरीर त्याच जागी थांबले की नाही? मग ज्याने तो फ्रॉक ठरवला, ज्याने तो उभ्या बाईवर मापला, ज्याने बसून पाहिले नाही, त्याचे काय? मांडणी पुढे सरकत गेली तशी ती भक्कम होत गेली. फक्त एक गोष्ट तिच्यात कोठे बसेना: नोंदवहीतले ते दोन शब्द. लिहिताना हाताला कांजी नव्हती. त्या शब्दांपाशी आल्यावर कामिनीबाई थबकल्या, आणि मग, हुशार वकील अडचणीचा कागद खाली सरकवतो त्याप्रमाणे, त्यांनी ते शब्द मांडणीच्या तळाशी ठेवले. त्यांनी तीन नंबर उतरवला, आपली साडी नेसली, आणि त्या बाहेर आल्या.

"घालून का नाही दाखवला?" रुचिका हिरमुसली.

"तूच घालून दाखव. आणि खाली बस. उकिडवी."

चुनीलालने हात जोडले. "बेन, माप ते उभं ऱ्हाईसनच लेतस. बठीसन माप कोन देस?"

"तेच चुकलं आपलं," कामिनीबाई म्हणाल्या.

रुचिका तीन नंबर घालून आली, ऐटीत एक फेरी मारली आणि बसू लागली. निम्म्यात तिचा चेहरा बदलला. एक हात भिंतीवर गेला, दुसरा मागे. "मॅडम, हा तर फक्त उभं राहायचाच ड्रेस आहे."

"म्हनून तर फोटोत चांगला येतो," तुळशीबाईने भूपेंद्रकडे न पाहता म्हटले.

मग चार नंबर झाला. गर्द हिरवट निळा, कोपरापर्यंत बाह्या, दोन्ही बाजूंना चीर असलेला सैल कुडता, नाडीची ढगळ पँट. रुचिका त्यात बसली, उठली, पुन्हा बसली, बसल्या बसल्या दोन पावले पुढे सरकली, आणि आपल्याला ते जमते आहे याचे तिलाच हसू आले. "दिसतो गोणपाटासारखा. पण मॅडम, यात काहीही करता येतं." ती पडद्याआड जाऊन आपले कपडे घालून आली.

भूपेंद्रने चष्मा काढून पुसला. "बेन, मला तुमचा शब्द मोडायचा नाही. पण शेहेचाळीस जणी पुढची पाच वर्षं हे घालणार. गबाळं दिसतं. पेशंटवर छाप पडते कपड्याची. आणि खाली बसायचे प्रसंग असे कितीसे येतात? चांगली टेबलं आहेत आपल्याकडे. विश्वस्त मला विचारतील. एक कारण द्या, असं की समोरचा गप्प बसेल."

उकिडवे बसून प्रसूती सोपी जाते, हे पुस्तकातले कारण त्यांच्याजवळ तयार होते. गादीच्या वेळी त्यांनी तेच दिले होते आणि समोरचे गप्प बसले होते. या खेपेस त्या म्हणाल्या, "कारण आहे," आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. भोंगऱ्याचा आठवडा, निखळलेली फळी, खिडकीचा गज, म्हातारीचा हात. आपला आवाज स्थिर आहे, वाक्ये पूर्ण होत आहेत, हे त्यांना जाणवत होते. त्यांनी पायरी सांगितली. मुलगी सांगितली. नोंदवहीतले दोन शब्दही सांगितले, कारण आता काही लपवायचे नव्हते, पण ते सांगताना त्यांच्या तोंडून निघाले, "काय लिहिणार होते मी? फ्रॉकमुळे बसता आलं नाही, असं लिहायला रकाना नव्हता." आणि शेवटी त्या म्हणाल्या, "तो फ्रॉक नसता तर मी बसले असते. म्हणून चार नंबर."

मग रुचिकाने पुढे येऊन त्यांचा हात धरला. तिचे डोळे भरले होते. भूपेंद्र खुर्चीवरून उठला, जणू बसून बोलणे आता बरे दिसले नसते. "बेन, तुमचा काय दोष? तेव्हाचा ड्रेसच तसला. घरचा धाक, वरून ते पुरुष. कोणीही असतं तरी हेच झालं असतं. चार नंबर पक्का. विश्वस्तांना मी सांगतो."

"कपडाच खोटा व्हता, बेन," चुनीलाल म्हणाला, आणि आपल्या धंद्यातल्या कोणा अज्ञात माणसाची चूक स्वतःकडे घेतल्यासारखी त्याने मान खाली घातली.

कामिनीबाईंच्या खांद्यांतून काहीतरी उतरले. उतरताना त्याचे वजन कळले. इतकी वर्षे ते तिथे होते आणि त्यांनी त्यालाच आपली ताठ चाल समजले होते. खिडकीतून मिरची वाळत घातल्याचा तिखट दर्प येत होता, खाली कोणीतरी जीपवाल्याशी हुज्जत घालत होते, आणि या साध्या गोष्टी आपल्याला ऐकू येत आहेत, त्यांचा वास येतो आहे, याचे त्यांना नवल वाटले. सुटका ही अशी असते तर. तीन माणसांनी सांगितले होते, आणि तिघेही खोटे बोलणारे नव्हते. त्यांनी निवडीचा कागद पुढे ओढला. सदस्यांच्या मतांच्या रकान्यात चुनीलाल, भूपेंद्र, रुचिका अशी नावे भरली. चौथ्या ओळीशी त्या थांबल्या. प्रत्येक सदस्याचे मत घेतल्याविना सही करायची नाही, ही त्यांची पद्धत होती, आणि पद्धत मोडण्याचे काही कारण नव्हते.

"तुळशीबाई, तुमचं मत राहिलं."

तुळशीबाई जमिनीवर बसून रुचिकाने उतरवलेल्या नमुन्याची घडी घालत होती. तिने बाह्या आत दुमडल्या, नाडी गुंडाळून वर ठेवली. ती रागावलेली नव्हती. एखाद्या पेशंटला किती महिने झाले ते विचारल्यावर तिचा चेहरा जसा असे, तसाच होता.

"चार नंबर चांगला आहे. घ्या," ती म्हणाली. "मी इथं नवी लागले तवा शीला सिस्टर होत्या. तुम्ही वर डोंगरात होत्या, तुम्ही नाही पाहिल्या. त्यांना बी फ्रॉकच होता, असाच कडक. बाई खाली बसली की त्या मांडीवर चादर घ्यायच्या आन् तिच्यासमोर बसायच्या. दारात कोन बी असू दे."

"चादर..." कामिनीबाई म्हणाल्या.

"टेबलावर असते ना चादर. तीच." तुळशीबाईने घडी बाकावर ठेवली. "बसता येत होतं, बाई. तुम्ही बसल्या नाहीत."